टॅलीतून ईआरपीनेक्स्टकडे: १ एप्रिलच्या आधीची तयारी

वहीपूजन पाडव्याला करा किंवा दिवाळीत, हिशेबाचं सॉफ्टवेअर मात्र १ एप्रिललाच बदला. आर्थिक वर्षाच्या मध्येच उडी मारली तर जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र, टीडीएस, ताळेबंद सगळंच दोन ठिकाणांहून जुळवत बसावं लागतं. १ एप्रिल गाठायचा असेल तर कामाला जानेवारीत लागा, कारण मार्चमध्ये सीएंना फोन उचलायलाही सवड नसते.

इथे मी डाळींचा होलसेल व्यापार करणारी छोटी भागीदारी फर्म डोळ्यासमोर ठेवली आहे. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. सगळा डेटा मारियाडीबी या डेटाबेसमध्ये राहतो, सर्व्हर आपला ठेवता येतो आणि उद्या दुसरीकडे जायचं ठरलं तर कुणाची परवानगी लागत नाही. धंद्याचा हिशेब धंदेवाल्याच्याच ताब्यात असावा असं मला मनापासून वाटतं, म्हणून ही खटपट मोलाची. जीएसटीसाठी ‘इंडिया कम्प्लायन्स’ हे अ‍ॅप वेगळं बसवावं लागतं, ते विसरू नका. घरचा किंवा छोट्या मंडळाचा हिशेब असेल तर ग्नूकॅश हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने मात्र तिकडे जाऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं. ग्नूकॅशमध्ये जुनी एन्ट्री सरळ बदलता येते.

साफसफाई टॅलीतच करा, नव्या घरात कचरा नेऊ नका. ट्रायल बॅलन्सच्या (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीच्या) तळाशी ‘डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस’ दिसत असेल तर आधी ते शून्यावर आणा. सस्पेन्स खातं (कुठे टाकायची ते न कळलेल्या रकमांचं) रिकामं करा, एकाच पार्टीची दोन-दोन लेजर म्हणजे खाती एकत्र करा, उणे दिसणारा स्टॉक गोदामात जाऊन मोजा. बँक रिकन्सिलिएशन (वहीची बँकेच्या उताऱ्याशी जुळवणी) शेवटच्या तारखेपर्यंत पूर्ण करा आणि न वटलेल्या चेकची यादी वेगळी काढा.

खरा वेळ लागतो तो उधारीला. टॅलीत पावती टाकताना घाईत ‘अगेन्स्ट रेफ’ (ठरावीक बिलापोटी) ऐवजी ‘ऑन अकाउंट’ (बिल न सांगता नुसतंच खात्यावर) निवडलं जातं आणि वर्षानुवर्षं तसंच साठत जातं. समजा एका पार्टीची चार बिलं मिळून ३,८०,००० रुपये येणं दिसतं आणि ऑन अकाउंट २,५०,००० जमा आहेत. निव्वळ येणं १,३०,०००, हे बरोबरच. पण ते कोणत्या बिलाचं, किती जुनं, हे कुणालाच सांगता येत नाही. नुसती निव्वळ रक्कम पुढे नेली तर नव्या सॉफ्टवेअरचा येणी-रिपोर्ट पहिल्या दिवसापासून खोटा. म्हणून फेब्रुवारीत प्रत्येक पार्टीला खातेउतारा पाठवा, त्यांच्या वहीशी जुळवा आणि ऑन अकाउंटची प्रत्येक रक्कम बिलावर लावा. देण्यांचंही तेच. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) व्याजासह परत करावं लागतं, आणि डाळ मिल सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांची मर्यादा आहे. बिलाची मूळ तारीख हातात नसेल तर यातलं काहीच मोजता येत नाही.

रचनेतला मोठा फरकही आधीच समजून घ्या. टॅलीत प्रत्येक गिऱ्हाईक म्हणजे संड्री डेटर्स (येणेकरी) या गटाखालचं एक लेजर. ईआरपीनेक्स्टमध्ये ‘डेटर्स’ हे एकच खातं आणि गिऱ्हाईक ही त्यावरची पार्टी. त्यामुळे लेजरची यादी जशीच्या तशी चार्ट ऑफ अकाउंट्समध्ये (नव्या खात्यांच्या यादीत) ओतू नका. आधी पार्ट्या वेगळ्या काढा, उरतील तीच खाती.

एक्सेलमध्ये फाइल उघडताना जपा. तूर, हरभऱ्याचा एचएसएन (जीएसटीसाठी मालाचा कोड) ०७१३ आहे. एक्सेल पुढचं शून्य खाऊन ७१३ करतं, तेव्हा तो कॉलम टेक्स्ट म्हणूनच घ्या. मराठीत नावं असतील तर सीएसव्ही यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. एक्सएमएलमधून डेटा काढणार असाल तर टॅली नावेची (डेबिट) रक्कम उणे चिन्हाने देते, हे फाइल तयार करणाऱ्याला आधी सांगा.

जुनी सगळी व्हाउचर नव्यात न्यावीत का? माझ्या मते नाही. सुरुवातीच्या शिलका आणि न मिटलेली बिलं तेवढी न्या. शिलका ताळेबंदावरून घ्या, कारण टॅलीच्या ३१ मार्चच्या ट्रायल बॅलन्समध्ये वर्षाच्या सुरुवातीचा स्टॉक असतो, अखेरचा नसतो. बिलं ओपनिंग इनव्हॉइस टूलमधून टाका, मालाचा साठा ‘स्टॉक रिकन्सिलिएशन’मधून आणि बाकीची खाती ओपनिंग जर्नलने. डेटर्स-क्रेडिटर्सची एकूण रक्कम जर्नलमध्ये पुन्हा टाकू नका, येणी दुप्पट होतील. सगळं भरून झाल्यावर ‘टेम्पररी ओपनिंग’ हे ईआरपीनेक्स्टचं तात्पुरतं खातं शून्य व्हायला हवं. एक रुपया जरी उरला तरी पुढे जाऊ नका, शोधा. ऑडिटनंतर घसारा वगैरेचे फरक येतील, तेव्हा ऑडिट संपेपर्यंत ओपनिंगच्या नोंदी गोठवू नका.

नव्या बिलांची मालिका ठरवून ठेवा: १६ अक्षरांच्या आत, आर्थिक वर्षात एकही नंबर पुन्हा नको. उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेली असेल तर ई-इनव्हॉइसची (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची) जोडणी मार्चमध्येच चाचणी करून घ्या.

जुनं टॅली काढून टाकू नका. कायमचं लायसन्स असेल तर टीएसएस (टॅलीची अपडेटसाठीची वर्गणी) न भरताही जुनी आवृत्ती चालते. भाड्याचं असेल तर मुदत संपायच्या आत लेजर, डे बुक आणि बिलवाइज याद्या पीडीएफ आणि एक्सेलमध्ये काढा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने आणि कंपनीची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं जपावी लागतात. बॅकअपच्या दोन प्रती ठेवा, एक ऑफिसबाहेर, आणि त्यातली एक दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून बघा.

एप्रिलभर बिलं दोन्हीकडे टाका. मेहनत दुप्पट आहे, पण महिन्यापुरतीच. मासिक विवरणपत्र भरत असाल तर ११ मेच्या आत दोन्हीकडून जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) काढा, बिलागणिक आणि दरागणिक ताडून पाहा, आणि पैशापर्यंत जुळलं की टॅलीत नवी एन्ट्री टाकणं थांबवा.