गाडीचा वर्ग कसा ओळखायचा: टेप, चेसीस आणि आरसी

एकाच गाडीला निपाणीच्या शोरूममध्ये ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ म्हणतात, कोल्हापुरात ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात आणि मोबाईलवरच्या व्हिडिओत ती ‘बी सेगमेंट’ होते. ही सगळी विकणाऱ्यांची आणि समीक्षकांची नावं आहेत. त्यांच्या भरवशावर गाडी घेतली की मग गल्लीत आरसा घासतो, उसाच्या रानात चाक रुततं किंवा पासिंगच्या वेळी तीस हजार रुपये जास्त भरावे लागतात. वर्ग आपणच ठरवावा. त्यासाठी लागतो पाच मीटरचा स्टीलचा टेप, खडू, ओळंबा (दोरीला बांधलेला नट चालतो), बॅटरी (टॉर्च) आणि गाडीचं माहितीपत्रक.

पहिली पायरी: लांबी

माहितीपत्रकात लांबी मिलिमीटरमध्ये दिलेली असते. जुनी गाडी पाहत असाल आणि माहितीपत्रक हाताशी नसेल तर स्वतः मोजा. गाडी सपाट फरशीवर सरळ उभी करा. पुढच्या बंपरचं सगळ्यांत पुढे आलेलं टोक शोधा, तिथून ओळंबा सोडा आणि नट जिथे टेकेल तिथे खडूची खूण करा. मागेही तसंच. मग गाडी बाजूला काढा आणि दोन्ही खुणांमधून गाडीच्या लांबीला आडव्या रेषा ओढून त्यांच्यातलं अंतर सरळ मोजा. टेप बोनेटवरून टपावर आणि टपावरून डिक्कीवर नेला तर चढ-उतारही मोजला जातो आणि आकडा फुगतो. बाहेरून बसवलेला लोखंडी गार्ड धरायचा नाही. तसे गार्ड केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बेकायदा ठरवले आहेत, त्यामुळे असेल तर तो काढायलाच सांगा.

आता आकडा लावून पाहा. ३६०० मिमीपर्यंतची गाडी सगळ्यांत छोटी. अल्टो के१० ३५३० मिमी आहे. ३६०० ते ४००० मध्ये आपल्याकडच्या सर्वाधिक दिसणाऱ्या गाड्या येतात: वॅगन आर ३६५५, स्विफ्ट ३८६०, बलेनो ३९९०, डिझायर ३९९५. चार मीटरच्या वर मधला वर्ग सुरू होतो, क्रेटा ४३३० आणि अर्टिगा ४३९५. साडेचार मीटरच्या पुढे व्हर्ना (४५३५) आणि स्कॉर्पिओ एन (४६६२), तर ४७०० ओलांडल्यावर इनोव्हा क्रिस्टा (४७३५) आणि फॉर्च्युनर (४७९५). पाच मीटरच्या वर बहुतेक परदेशी आलिशान गाड्याच उरतात.

यातली ४००० ची रेघ सगळ्यांत महत्त्वाची, कारण ती कराची रेघ आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या आली: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. त्या एका रेघेने भारतातल्या गाड्यांचा आकारच बदलला. २००८ ची पहिली डिझायर ४१६० मिमी होती. २०१२ मध्ये नवी आली ती डिक्कीकडून कापून ३९९५ वर आणलेली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून या व्याख्येत बसणाऱ्या गाडीला १८ टक्के जीएसटी लागतो आणि न बसणाऱ्या पेट्रोल-डिझेल गाडीला ४० टक्के. इथे एक चूक हमखास होते: नुसती लांबी पाहिली जाते. दोन्ही अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. ब्रेझा ३९९५ मिमी म्हणजे चार मीटरच्या आत, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत. बोलेरोही ३९९५ मिमीच, पण तिचं डिझेल इंजिन १४९३ सीसीचं, म्हणून १८ टक्क्यांत. शेजारी उभ्या केल्या तर दोन्ही सारख्याच लांब. विजेवरच्या गाडीला ५ टक्के.

दुसरी पायरी: रुंदी आणि व्हीलबेस

लांबी कर ठरवते. रोजचा त्रास रुंदी ठरवते. बेळगावच्या जुन्या पेठेत किंवा शहापूरच्या गल्ल्यांत राहणाऱ्याने हा आकडा आधी पाहावा. वॅगन आर १६२० मिमी रुंद, क्रेटा १७९०, फॉर्च्युनर १८५५, स्कॉर्पिओ एन १९१७. माहितीपत्रकातली रुंदी साधारणपणे आरसे सोडून असते. दोन्ही आरसे उघडले की आणखी वीस-पंचवीस सेंटीमीटर धरा. १८०० मिमीच्या गाडीला आठ फुटी फाटक हवं, कारण गल्लीतून वळून आत घालताना गाडी तिरकी येते आणि तिरकी गाडी जास्त जागा खाते. वळणाची त्रिज्याही बघा: वॅगन आरची ४.७ मीटर, फॉर्च्युनरची ५.८.

व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यबिंदूंमधलं अंतर. तो आरसी (नोंदणी) कार्डावरही छापलेला असतो. बलेनो आणि डिझायर लांबीला जवळपास सारख्या, पण बलेनोचा व्हीलबेस २५२० आणि डिझायरचा २४५०. डिझायरने उरलेली लांबी डिक्कीला दिली: ३८२ लिटर, बलेनोची ३१८. आणि वॅगन आर या दोघींहून फूटभर आखूड असूनही तिची डिक्की ३४१ लिटर आहे, कारण ती उंच आहे. लांबीवरून जागेचा अंदाज चुकतो तो असा. सीएनजी टाकी असलेल्या गाडीत मात्र डिक्की उघडूनच बघा. छापलेला आकडा बहुधा बिनटाकीच्या गाडीचा असतो.

तिसरी पायरी: ढाचा

गाडीपासून दहा पावलं मागे जा आणि बाजूने बघा. बोनेट, बसायची जागा आणि डिक्की असे तीन वेगळे डबे दिसले तर ती सेडान. डिक्की बसायच्या जागेतच सामावलेली आणि मागची काच दारासकट वर उचलत असेल तर हॅचबॅक. तीन रांगा, सपाट लांब टप आणि मोटारीसारखी बैठक असेल तर एमपीव्ही, उदाहरणार्थ अर्टिगा. बोनेट जवळपास नाहीच आणि बाजूची दारं सरकती, तर व्हॅन, म्हणजे ईको. मागे उघडा हौदा असेल तर पिकअप. ती बहुधा मालवाहू म्हणून पास होते आणि तिचा कर, विमा, परवाना सगळंच वेगळं पडतं.

राहिली एसयूव्ही. उंच दिसली म्हणजे एसयूव्ही झाली, असं नाही; ते खाली वाकूनच कळतं.

चौथी पायरी: गाडीच्या खाली वाका

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मागच्या चाकाच्या मागे जमिनीवर गुडघा टेकवा आणि बॅटरी आत मारा. दोन जाड लोखंडी तुळया गाडीच्या लांबीभर समांतर गेलेल्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या दिसल्या, शिडी आडवी ठेवावी तशा, तर ती लॅडर चेसीस. वरचा सांगाडा या शिडीवर रबरी बुशांमधून बोल्टने बसवलेला असतो. तुळई आणि तळाचा पत्रा यांच्यामधली ती काळी रबरं दिसतील. बोलेरो, थार, स्कॉर्पिओ एन, इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर या अशा गाड्या. तुळया न दिसता एकसंध, ठोकून आकार दिलेला पत्रा दिसला तर मोनोकॉक: क्रेटा, नेक्सॉन, पंच, अर्टिगा. इनोव्हा हे एकच नाव असलं तरी क्रिस्टा शिडीवरची आणि हायक्रॉस मोनोकॉक, हे खाली वाकल्याशिवाय कळत नाही.

फरक कुठे जाणवतो? शिडीवरची गाडी खड्डे, ओझं आणि ओढकाम वर्षानुवर्षं सोसते, पण जड असते, रिकामी असताना मागून उडते आणि वळणावर झुकते. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरताना मागच्या सीटवरच्या माणसाला मळमळ होते ती बरीचशी याच झुकण्यामुळे. तिथे मोनोकॉक किंवा बुटकी सेडान जास्त स्थिर वाटते.

गाडीखाली आहातच तर ग्राउंड क्लिअरन्सही मोजा, सगळ्यांत खाली आलेल्या भागापासून जमिनीपर्यंत. पंचचा छापील आकडा १८७ मिमी, नेक्सॉनचा २०८. पण छापील आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं आणि सामान भरलं की गाडी तीन-चार सेंटीमीटर खाली बसते, आणि गावच्या गतिरोधकावर पोट घासतं ते तेव्हा. व्हीलबेस जितका लांब तितकं पोट लवकर टेकतं.

क्लिअरन्स म्हणजे पकड नव्हे. चिक्कोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत पावसानंतर उसाच्या फडापर्यंत गाडी न्यायची असेल तर पुढच्या चाकांवर चालणारी कुठलीही ‘एसयूव्ही’, २०० मिमी उंच असली तरी, जागेवर चाकं फिरवत बसेल. माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो आणि चारांपैकी दोनच चाकांना जोर मिळतो. तिथे फोर व्हील ड्राइव्ह लागतो, आणि तोही लो-गिअर (कमी वेगात जास्त जोर देणारा) असलेला. गिअरजवळ ‘फोर लो’चा वेगळा दांडा किंवा खटका आहे का ते बघा. थार आणि जिम्नी यांत तो मिळतो. थार मात्र फक्त मागच्या चाकांवर चालणारीही विकली जाते, म्हणून नावावर विसंबू नका.

पाचवी पायरी: थाट

आलिशानपणा लांबीवरून ठरत नाही. इनोव्हा हायक्रॉस ४७५५ मिमी लांब आहे आणि मर्सिडीजची सी-क्लास ४७५१. शिवाय एकाच गाडीच्या साध्या आणि भारी व्हेरिएंटमध्ये लाखांचा फरक असतो. मोठा स्क्रीन आणि सनरूफ दिसतात लगेच, पण हा सगळ्यांत स्वस्तात आणता येणारा थाट आहे. खर्च जिथे केलेला दिसत नाही तिथे बघा.

दार उघडा आणि रबराची पट्टी बोटाने चाचपा. पट्टी दाराच्या चौकटीवर एक आणि दारावर दुसरी अशी दुहेरी असेल तर बाहेरचा आवाज आणि तांबडी धूळ दोन्ही कमी येतील. खानापूरकडच्या रस्त्यांवर याची किंमत कळते. पुढच्या दाराची काच थोडी खाली करून तिची कड बघा. दोन काचांमध्ये बारीक रेघ दिसली तर ती लॅमिनेटेड काच, वाऱ्याचा आवाज अडवणारी. बोनेट उचला: आतून जाड अस्तर आहे की उघडा पत्रा, आणि ते सळईवर टेकवावं लागतं की गॅसच्या दांड्यांवर आपोआप थांबतं? मागच्या चाकांचं सस्पेन्शन विचारा. दोन्ही मागची चाकं एका आडव्या तुळईने जोडलेली असतील तर टॉर्शन बीम, आणि एका चाकाचा खड्डा दुसऱ्यालाही थोडा जाणवतो. प्रत्येक चाक स्वतंत्र असेल तर वरचा वर्ग. शेवटी मागच्या सीटवर बसून मांडी सीटला पूर्ण टेकते का बघा. मोठ्या गाडीचं साधं व्हेरिएंट की छोटीचं भारी, अशी अडचण पडली आणि चार-पाच माणसांचा लांबचा प्रवास वारंवार असेल, तर मोठीचं साधं घ्यावं. स्क्रीन नंतर बसवता येतो, व्हीलबेस नाही.

सुरक्षा हा थाटाचा भाग नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपची (गाडी धडकवून घेतलेल्या चाचणीची) तारांकनं सुरू आहेत. ती वेगळी तपासा, कारण लांबी किंवा किमतीवरून ती कळत नाहीत.

सहावी पायरी: कागद

कर्नाटकात खासगी गाडीचा आजीवन कर किमतीवर ठरतो: ५ लाखांपर्यंत १३ टक्के, १० लाखांपर्यंत १४, २० लाखांपर्यंत १७, त्यावर १८, शिवाय त्या करावर उपकर. टप्पा ओलांडला की दर पूर्ण किमतीला लागतो. ९ लाख ९५ हजारांच्या गाडीला १,३९,३०० रुपये आणि १० लाख ५ हजारांच्या गाडीला १,७०,८५०. दहा हजारांच्या रंगासाठी किंवा ॲक्सेसरी पॅकसाठी साडेएकतीस हजार जादा जातात ते असे. १० लाखांच्या वर १ टक्का टीसीएसही (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर) कापला जातो, तो आयकर विवरणात परत मिळवता येतो.

महाराष्ट्रात पेट्रोल गाडीचा दर याहून कमी, म्हणून सीमेवरचे बरेच जण नातेवाइकांच्या पत्त्यावर एमएच ०९ पासिंग करून घ्यायचा विचार करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. तेव्हा ना-हरकत, कर्नाटकचा कर आणि महाराष्ट्राच्या कराचा परतावा अशा फेऱ्या होतात. गाडी जिथे रोज उभी राहणार तिथलंच, केए २२ किंवा केए २३, पासिंग करा.

थर्ड पार्टी विम्याचे टप्पे सीसीवर आहेत: १००० पर्यंत, १५०० पर्यंत आणि त्यापुढे. म्हणून ९९८ सीसीच्या गाडीचा हप्ता ११९७ सीसीच्या गाडीपेक्षा कमी येतो. कोगनोळी किंवा हत्तरगी नाक्यावर मात्र अल्टोला आणि फॉर्च्युनरला टोल सारखाच, कारण फास्टॅगच्या लेखी कार-जीप-व्हॅन हा एकच वर्ग आहे.

जुनी गाडी घेताना आरसीवरची आसनसंख्या नक्की वाचा. चालक सोडून आठपर्यंत सीट असतील तरच ती एम१, म्हणजे मोटारीच्या वर्गात. वडापला (शेअर प्रवासी वाहतुकीला) चालणाऱ्या काही ट्रॅक्स जीप त्याहून मोठ्या असतात आणि पिवळ्या पाटीच्या, म्हणजे व्यावसायिक असतात. अशी गाडी घरच्यासाठी घ्यायची तर आधी आरटीओत वर्ग बदलून पांढरी पाटी करून घ्या, मगच पैसे द्या.