‘ट्रेझर आयलंड’वर प्रोजेक्ट करताय? मग आधी शुभं करोति बाजूला ठेवा

सिनॉप्सिसमध्ये ‘प्रकाश हे सुष्टाचं आणि अंधार हे दुष्टाचं प्रतीक आहे’ असं वाक्य लिहिलं असेल, तर ते आत्ताच खोडा. एकदा टायपिंग झालं, झेरॉक्स निघाल्या, बाइंडिंगवाल्याकडे गठ्ठा गेला, की तेच वाक्य व्हायवाला गळ्यात अडकतं. बाहेरचे परीक्षक एवढंच विचारतात, ‘मग चौथ्या प्रकरणातल्या चंद्राचं काय?’

चूक आपली एकट्याची नसते, हे खरं. दिवेलागणीला हात जोडून शुभं करोति म्हणत वाढलेल्याला उजेड शुभ वाटणारच. पण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८३ साली पुस्तकरूपात आणलेल्या, चाच्यांच्या खजिन्याच्या शोधावरच्या या कादंबरीत उजेडाचं काम वेगळं आहे. तिथे प्रश्न असा असतो : कोण कोणाला दिसतंय?

उसाला रात्री पाणी पाजायला गेलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. हातात बॅटरी असली की पुढची चार पावलं दिसतात. पण बॅटरीवाला मात्र चार शेतांपलीकडून दिसतो. हे डोक्यात ठेवून चौथं प्रकरण उघडा. कथा सांगणारा मुलगा जिम आणि त्याची आई, चाचे येण्याआधी, आपल्या खाणावळीतून पळायच्या बेतात आहेत. धुकं झपाट्याने विरतंय, दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर चांदणं स्वच्छ पडलंय. फक्त घळीच्या अगदी तळाशी आणि खाणावळीच्या दाराभोवती धुक्याचा पातळ पडदा टिकून आहे, आणि तोच त्यांची पहिली पावलं झाकतो. पुढे चांदण्यात यावंच लागणार, हीच भीती. इथे धुकं वाचवतंय आणि चंद्र पकडून देतोय. सुष्ट-दुष्टाची जोडी इथेच मोडते.

पाचव्या प्रकरणात तर पाठलाग करणाऱ्यांचा म्होरक्याच आंधळा आहे. प्यू नावाच्या या चाच्याला धुकं काय आणि चांदणं काय, सारखंच. शेवटी तो भरधाव घोड्यांच्या टापांखाली जातो. ‘आंधळा म्हणजे अज्ञानाचं प्रतीक’ हे गाइडमधलं वाक्य इथे डकवू नका. प्यूला बाकीच्यांपेक्षा जास्त कळतं. खजिन्याचा नकाशा जिमने नेला, हे तो लगेच ओळखतो.

अकरावं प्रकरण सर्वांत सावकाश वाचा, दोनदा तरी. खजिन्याच्या बेटाकडे निघालेल्या जहाजावर, जिम लपलेल्या सफरचंदाच्या पिंपात अंधार आहे, म्हणूनच त्याला जहाजाचा स्वयंपाकी आणि चाच्यांचा म्होरक्या सिल्व्हर याचा कट ऐकू येतो. कट ऐकून झाल्यावर पिंपात उजेड पडतो, कारण चंद्र वर आलेला असतो. नोट्समध्ये यावर ‘सत्याचा प्रकाश’ असा शेरा हमखास सापडतो. पण सत्य जिमने आधीच ऐकलंय, आणि तेही अंधारात. या उजेडाने फार तर तो उघडा पडला असता. तेवढ्यात ‘जमीन दिसली’ अशी हाळी येते, सगळे धावतात, आणि तो पिंपातून निसटतो. क्रम नीट लिहा : आधी कान, मग चांदणं, मग जमीन. हा क्रम चुकला की सगळं विश्लेषण कोसळतं. (मूळ इंग्रजीत चंद्र डोलकाठीला रुपेरी करतो आणि त्यासाठी आलेलं क्रियापद सिल्व्हरच्या नावाचंच आहे. मोह होतो, कबूल. एक वाक्य लिहा, पान भरू नका.)

घाबरू नका, यापुढचं सोपं आहे. तेराव्या प्रकरणात लख्ख ऊन आहे आणि त्याच उन्हात बेट पाहताना जिमचं काळीज खचतं. चौदाव्यात सिल्व्हर टॉम या प्रामाणिक खलाशाचा खून करतो, तो भर दिवसा. ते पाहून जिमची शुद्ध हरपते. जिम शुद्धीवर येतो तेव्हा वाफाळत्या दलदलीवर ऊन निर्दयपणे तळपतच असतं. सत्ताविसावं संपताना जिम अंधारात बेटावरच्या लाकडी गढीत शिरतो, आपलीच माणसं आहेत असं समजून. सिल्व्हर मशाल मागवतो. अठ्ठाविसाव्याच्या पहिल्या वाक्यात तिच्या तांबड्या उजेडात कळतं, की सगळे शत्रूच आहेत.

बाविसाव्या-तेविसाव्या प्रकरणांत मात्र बरेच जण घसरतात. बेटावर काळोख पसरतो. दोनच उजेड उरतात : किनाऱ्यावर चाच्यांची मोठी शेकोटी, आणि नांगरलेल्या जहाजाची अंधूक झाक. ही झाक म्हणजे जहाजाचा दिवा असं लिहिलं तर चूक. जहाजाच्या मागच्या खिडकीतून येणारा उजेड धुक्यावर पडून परततोय, तेवढाच जिमला दिसतो. हिवाळ्यात पहाटे सांगलीच्या आयर्विन पुलावर उभं राहा. धुक्यात बल्ब दिसत नाही, त्याच्याभोवतीचा पांढरट गोळा दिसतो. हा फरक ज्याला लिहिता येतो, त्याच्या प्रोजेक्टला वजन येतं.

आता कामाची पद्धत. वहीत पाच रकाने आखा : प्रकरण, उजेड कशाचा (सूर्य, चंद्र, शेकोटी, मशाल), बघणारा कोण, त्याला काय दिसतं, त्याच्यापासून काय लपतं. पाचवा रकाना बहुतेक जण वगळतात, आणि खरा मजकूर तिथेच असतो. एकूण प्रकरणं ३४. रोज पाच घेतली तर आठवड्यात पहिलं वाचन होतं. या वाचनात फक्त पेन्सिलीने खुणा करा. रकाने भरायचे ते दुसऱ्या वाचनात. घाईत दोन्ही एकदम केलं की ‘डार्क’ हा शब्द दिसेल तिथे रेघ ओढली जाते आणि हाती शब्दांची यादी उरते. सोळा ते अठरा ही तीन प्रकरणं जिमच्या बाजूचा डॉक्टर लिव्हसी सांगतो, जिम नाही. तिसऱ्या रकान्यात तिथे जिमचं नाव गेलं, तर चूक लगेच पकडली जाते.

संक्षिप्त आवृत्ती अजिबात नको. काटछाट करताना वर्णनंच आधी उडतात. पूर्ण मूळ संहिता प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहे. संदर्भाला पान क्रमांकासोबत प्रकरणाचा क्रमांकही द्या, कारण आवृत्तीगणिक पानं बदलतात. यूट्यूबवरच्या वीस मिनिटांच्या सारांशाबद्दल बोलायलाच नको. त्यात कथा मिळते, उजेड मिळत नाही.

‘स्टीव्हन्सनचं घराणं दीपस्तंभ बांधणारं, ते घाल की,’ असं एखादे सर सुचवतील. माहिती खरी आहे. त्याचे आजोबा, वडील, काका सगळे त्याच कामातले. पण बेटावर दीपस्तंभ नाही, आणि प्रोजेक्ट कादंबरीवर आहे. प्रस्तावनेत दोन ओळी पुरे. सरांना तोंडावर नाही म्हणू नका. सहीसाठी पुन्हा त्यांच्याकडेच जायचंय. आधी भरलेले रकाने दाखवा आणि मग विचारा. रकाने बघून बहुतेक सर स्वतःच विषय सोडतात.

प्रोजेक्टच्या शेवटच्या प्रकरणासाठी कादंबरीच्या तेहतिसाव्या प्रकरणातली गुहा राखून ठेवा. मोठी शेकोटी पेटलेली आहे, तिच्यापुढे कॅप्टन स्मॉलेट पडलेला आहे. ज्यासाठी सतरा माणसं गेली ते सोनं लांबच्या कोपऱ्यात आहे, आणि जाळाचा जेमतेम एखादा लवलवता कवडसा त्याच्यावर पडतोय.