छोट्या कंपनीचे मल्टिमीडिया ऑथरिंग सॉफ्टवेअर: किंमत कशी ठरवावी आणि ग्राहकांपर्यंत कसे पोहोचावे

चित्र, ध्वनी, चलचित्र, मजकूर आणि प्रेक्षकाच्या क्लिकला मिळणारा प्रतिसाद यांची एकत्र मांडणी करून त्यातून ऑनलाइन धडा, संग्रहालयातील टचस्क्रीन, वाचकाच्या निवडीनुसार पुढे सरकणारी गोष्ट किंवा रंगमंचावरचा दृक्‌श्राव्य प्रयोग घडवणाऱ्या साधनाला मल्टिमीडिया ऑथरिंग सॉफ्टवेअर म्हणतात. अशा सॉफ्टवेअरच्या एखाद्या चिंचोळ्या क्षेत्रात दोन-चार जणांची कंपनी उत्तम काम करू शकते, कारण मोठ्या कंपन्यांना तेवढ्या बाजारात रस नसतो. मात्र किंमत ठरवण्याची वेळ आली की हीच कंपनी मोठ्या कंपनीच्या दरपत्रकाकडे पाहते आणि त्याच्या निम्मा आकडा लिहून मोकळी होते. या मार्गाने धंदा हमखास आतबट्ट्याचा होतो. स्वस्ताई हे छोट्या कंपनीचे बळ नव्हे, कारण ग्राहकाला खरी धास्ती पैशांची नसून स्वतःच्या कामाची असते, आणि किंमत व प्रसार या दोन्हींचा विचार या धास्तीपासून सुरू करावा लागतो.

ही धास्ती अनाठायी नाही. ॲपलने 1987 मध्ये आणलेले हायपरकार्ड हे असेच ऑथरिंग साधन सुरुवातीला मॅकिंटॉशबरोबर मोफत मिळत असे. त्यावर शिक्षकांनी आणि कलावंतांनी अगणित कृती उभ्या केल्या आणि 2004 मध्ये त्याची विक्री थांबली. संगणकावरचे धडे रचण्याच्या ऑथरवेअरचा विकास 2007 मध्ये बंद झाला. सीडी-रॉमच्या काळात या क्षेत्रावर राज्य करणारे डायरेक्टर 2017 मध्ये विक्रीतून गेले, तर फ्लॅशमधल्या कृती ब्राउझरमध्ये चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा आधार 31 डिसेंबर 2020 रोजी संपला. ही साधने नामवंत कंपन्यांची होती, तरीही त्यांत केलेले काम उघडण्यासाठी लोकांना आज जुने संगणक सांभाळावे लागतात. तेव्हा दोन-चार माणसांच्या कंपनीसमोर ग्राहक जो प्रश्न मनात धरून येतो तो असा: तुम्ही उद्या नसलात, तर माझ्या कामाचे काय?

या प्रश्नाचे उत्तर किमतीच्या पानावरच द्यावे. बहुतेक कंपन्या तिथे सुविधांचा लांबलचक तक्ता देतात, त्याऐवजी आकड्याच्या अगदी खाली अशा आशयाचा मजकूर असावा: “आपण तयार केलेली कृती पूर्णपणे आपली आहे. ती विकण्यासाठी, वाटण्यासाठी किंवा कितीही पडद्यांवर दाखवण्यासाठी वेगळे शुल्क नाही. प्रकल्पाची फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन होते आणि एक्सपोर्ट केलेली कृती आमच्या सर्व्हरशिवाय चालते.” यातले प्रत्येक वाक्य खरे असले पाहिजे, आणि ते खरे ठरावे म्हणून सॉफ्टवेअरमध्ये बदल करावा लागला, तर तो नव्या सुविधेच्या आधी करावा. तयार कृतीवर नंतर शुल्क लावण्याचा विचार तर मनातही आणू नये. युनिटी या गेम-इंजिनच्या कंपनीने सप्टेंबर 2023 मध्ये ठरावीक मर्यादा ओलांडलेल्या गेमच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलेशनवर शुल्क आकारण्याचे जाहीर केले आणि विकासकांच्या संतापानंतर वर्षभराने ते मागे घेतले. तेवढ्या मोठ्या कंपनीला तो धक्का पचला. छोट्या कंपनीला पचणार नाही.

आता आकड्याकडे वळू. किंमत ठरवताना आपला विकासखर्च ग्राहकाला दिसत नाही आणि त्याला त्याच्याशी कर्तव्यही नसते. त्याच्या हिशेबाचे एकक असते एक पूर्ण झालेले काम. म्हणून सध्याच्या आणि संभाव्य अशा दहा-पंधरा वापरकर्त्यांशी सविस्तर बोलावे आणि “तुम्ही किती पैसे द्याल?” हा प्रश्न टाळून, मागच्या वेळी असे काम कसे केले, त्याला किती दिवस लागले, कुठे घोडे अडले, बाहेरून कोणाला पैसे द्यावे लागले आणि ते पैसे कोणत्या खात्यातून गेले, हे विचारावे. एखाद्या संग्रहालयासाठी टचस्क्रीन तयार करणाऱ्या डिझायनरचे प्रत्येक प्रकल्पामागे आठ दिवस वाचत असतील, तर त्या आठ दिवसांच्या मोबदल्याचा लहानसा हिस्सा मागणारी किंमत त्याला महाग वाटत नाही. तेच साधन हौसेने गोष्टी रचणाऱ्या माणसाच्या दृष्टीने केवळ खर्च असते.

बाजारसंशोधनात यासाठी व्हॅन वेस्टेनडॉर्प यांची 1976 पासून वापरात असलेली चार प्रश्नांची पद्धत आहे: कोणत्या किमतीला वस्तू परवडणारच नाही, कोणत्या किमतीला महाग वाटली तरी विचार कराल, कोणत्या किमतीला स्वस्तात मिळाल्यासारखी वाटेल आणि कोणत्या किमतीला ती इतकी स्वस्त वाटेल की दर्जाबद्दल शंका येईल. पंधरा लोकांच्या उत्तरांवरून आलेख काढण्यात अर्थ नाही, पण शेवटचा प्रश्न मात्र जरूर विचारावा. व्यावसायिक ग्राहक त्याला जे उत्तर देतात, ते बहुधा आपण मनात धरलेल्या किमतीच्या वर असते.

स्वस्त किमतीचा खरा तोटा ग्राहकांच्या शंका सोडवताना दिसतो, म्हणून एक काल्पनिक हिशेब नीट मांडून पाहू. समजा, सॉफ्टवेअरची किंमत 50 डॉलर आहे आणि ते 30 टक्के कमिशन घेणाऱ्या ॲप-दुकानातून विकले जाते. हाती 35 डॉलर येतात. नवा ग्राहक पहिल्या महिन्यात तीन पत्रे पाठवतो, प्रत्येकाला वीस मिनिटे लागतात आणि आपल्या तासाचे मोल 25 डॉलर आहे. उरले 10 डॉलर. आता तेच सॉफ्टवेअर स्वतःच्या संकेतस्थळावरून, 5 टक्के घेणाऱ्या पेमेंट-सेवेमार्फत, 200 डॉलरला विकले आणि ग्राहकाला दुप्पट वेळ दिला, तरी 140 डॉलर उरतात. वर्षाकाठी 14,000 डॉलर शिल्लक हवी असेल, तर पहिल्या मार्गाने 1,400 ग्राहक आणि 1,400 तासांचा पत्रव्यवहार लागतो. दुसऱ्या मार्गाने 100 ग्राहक आणि 200 तास. चिंचोळ्या बाजारात मुळात 1,400 ग्राहक मिळतील की नाही हाच प्रश्न असतो, आणि मिळालेच तर नवी आवृत्ती लिहायला कोणाला सवड राहणार?

यावर कोणी म्हणेल की चढ्या किमतीमुळे विद्यार्थी आणि हौशी लोक दुरावतील. त्यांच्यासाठी सॉफ्टवेअरची वेगळी, दुबळी आवृत्ती काढण्यापेक्षा त्याच सॉफ्टवेअरचा वेगळा परवाना द्यावा. रीपर या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरने हे वर्षानुवर्षे करून दाखवले आहे: केवळ वैयक्तिक वापर करणाऱ्या व्यक्ती, शिक्षणसंस्था आणि वर्षाला 20,000 डॉलरपर्यंत उलाढाल असलेले व्यवसाय यांच्यासाठी परवाना 60 डॉलरला, इतर व्यावसायिकांसाठी 225 डॉलरला, आणि दोघांच्या हाती पडणारे सॉफ्टवेअर मात्र एकच. तपासणीचा जाच नाही. ग्राहकाने प्रामाणिकपणे आपला गट निवडायचा. काही जण खोटे बोलतील हे गृहीत धरावे, परंतु बिल संस्थेच्या नावावर हवे असलेला ग्राहक सहसा योग्य तोच परवाना घेतो.

एकरकमी किंमत की वर्गणी, हा वाद बराच गाजतो. वर्गणीने उत्पन्न नियमित होते, पण या क्षेत्रातले बरेच काम प्रकल्पाप्रमाणे येते. वर्षातून दोन महिने साधन वापरणाऱ्याला उरलेल्या दहा महिन्यांचे पैसे देणे खटकते आणि वर्गणी थांबली की आपली फाइल उघडणार नाही ही भीती पुन्हा डोके वर काढते. जेटब्रेन्सने 2015 मध्ये प्रोग्रामिंगच्या साधनांसाठी वर्गणी जाहीर केली तेव्हा ग्राहक खवळले. मग कंपनीने अशी तरतूद केली की वर्षभर पैसे भरणाऱ्याला एक आवृत्ती कायमची वापरता येईल. छोट्या कंपनीने सुरुवातच अशा तडजोडीने करणे शहाणपणाचे आहे: खरेदीत एक वर्षाचे अपडेट समाविष्ट, त्यानंतर हवे असल्यास मूळ किमतीच्या चाळीसेक टक्क्यांत पुढचे वर्ष, आणि नको असल्यास हाती आहे ती आवृत्ती कायम. नाट्यप्रयोगांत ध्वनी, दृश्य आणि प्रकाशाचे संकेत चालवणाऱ्या क्यूलॅबने आणखी एक वाट दाखवली आहे. तिथे परवाना दिवसांच्या भाड्याने मिळतो आणि भरलेले भाडे पुढे खरेदीत जमा होऊ शकते. जिथे काम मोजक्या दिवसांचे असते आणि पैसे प्रत्येक प्रयोगाच्या अंदाजपत्रकातून येतात, तिथे हीच रीत सर्वांत नैसर्गिक होय.

मोफत आवृत्ती द्यायची असेल, तर मर्यादा कुठे घालायची याचा बारकाईने विचार करावा. शिकणाऱ्याला सर्व काही शिकता यावे, पण पैसे घेऊन काम देणाऱ्याला ती पुरू नये, अशी ती सीमा असते. दृक्‌श्राव्य प्रयोग घडवण्याच्या टचडिझायनर या साधनाची अव्यावसायिक आवृत्ती मोफत आहे, मात्र तिचे रेझोल्यूशन 1280 गुणिले 1280 पिक्सेलपुरतेच चालते. शिकायला ते पुरेसे आहे, मोठ्या पडद्यावरच्या कामाला नाही. याउलट, जतन करण्याची सोयच काढून घेणे हा मला अविचार वाटतो, कारण ज्याचा चार तासांचा प्रयत्न वाया गेला तो ग्राहक परत येत नाही. ठरावीक मुदतीचा ट्रायल द्यायचा असेल, तर दिवस कॅलेंडरप्रमाणे न मोजता प्रत्यक्ष वापराचे मोजावेत. लेखकांसाठीच्या स्क्रिव्हनरचा तीस दिवसांचा ट्रायल तसाच चालतो, आणि कामाच्या गडबडीत साधन बाजूला राहिलेल्या माणसालाही पुरी संधी मिळते.

संस्थांना विकणे हा निराळाच व्यवहार आहे. शाळा, विद्यापीठ किंवा संग्रहालयातील ज्या व्यक्तीला सॉफ्टवेअर आवडते, तिच्या हातात पैसे नसतात. ते ज्याच्या हातात असतात त्याने सॉफ्टवेअर पाहिलेलेही नसते. म्हणून आवड निर्माण झालेल्या व्यक्तीला वरच्या टेबलावर ठेवता येईल असा कागद द्यावा: एका पानाचे कोटेशन, त्यावर मुदत, परवान्यांची संख्या, कराचा उल्लेख, आणि पर्चेस ऑर्डर स्वीकारली जाते हे स्पष्ट वाक्य. पैसे यायला महिना-दोन महिने लागतात, तेवढी कळ सोसावी. शिक्षणक्षेत्रात दोन चौकशा ठरलेल्या असतात: कृती स्कॉर्म या ऑनलाइन धड्यांच्या प्रमाणित स्वरूपात, म्हणजे त्याच्या 1.2 किंवा 2004 या आवृत्तीत, एक्सपोर्ट होते का, आणि दिव्यांग व्यक्तींना ती वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या निकषांना ती उतरते का. दोन्हींची उत्तरे आधीच लिहून ठेवावीत. उणिवा असतील तर त्याही लिहाव्यात. तपासणी करणारा त्या शोधून काढतोच.

प्रसारासाठी जाहिरातीवर पैसे उधळण्याआधी एक कसोटी लावावी: अनोळखी माणसाला दीड मिनिटात या साधनाने काय घडते ते दिसते का? चित्रफितीची सुरुवात कंपनीच्या बोधचिन्हाने करू नये. रिकाम्या पडद्यावर एक छायाचित्र येते, त्यावर तीन ठिकाणी स्पर्शबिंदू ठेवले जातात, प्रत्येकाला आवाज जोडला जातो, एक्सपोर्टचे बटण दाबले जाते आणि तीच कृती फोनवर बोटाने चालताना दिसते, एवढे पुरे. त्याखाली ती प्रकल्पफाइल डाउनलोडसाठी ठेवावी, म्हणजे पाहणारा ती उघडून त्यात स्वतःचे छायाचित्र घालू शकेल. माझ्या मते ही एक फाइल दहा लेखांइतके काम करते.

लोक आपल्या सॉफ्टवेअरचे नाव शोधत नाहीत, आपली अडचण शोधतात. “जुन्या फ्लॅश धड्याचे एचटीएमएल5 मध्ये रूपांतर”, “इंटरनेटशिवाय चालणारा टचस्क्रीन माहितीफलक”, “नकाशावर क्लिक केल्यावर आवाज” अशा एकेका अडचणीवर एकेक पान लिहावे आणि त्यात आपल्या साधनाविना ते काम कसे होईल हेही सांगावे. बंद पडलेल्या साधनांच्या फाइली आयात करण्याची सोय देता आली, तर तिच्याइतकी प्रभावी जाहिरात नाही: तो ग्राहक अडचणीत आहे, त्याच्याजवळ साहित्य तयार आहे, आणि त्याला घाई आहे. याशिवाय हा विषय शिकवणारे प्राध्यापक आणि कार्यशाळा घेणारे प्रशिक्षक यांना परवाने मोफत द्यावेत. एका वर्गातून बाहेर पडलेले विद्यार्थी पुढे ज्या संस्थांत जातात तिथे हेच साधन मागतात, मात्र हे फळ दोन-तीन वर्षांनी दिसते.

करांची कटकट शक्यतो अंगावर घेऊ नये. युरोपीय संघात 1 जानेवारी 2015 पासून डिजिटल विक्रीवरचा मूल्यवर्धित कर ग्राहक ज्या देशात असेल त्या देशाच्या दराने लागतो. असे नियम सांभाळण्यासाठी स्वतः विक्रेता बनून कर भरणाऱ्या मध्यस्थ सेवा आहेत आणि त्यांचे काही टक्के कमिशन चुकीच्या विवरणपत्रापेक्षा स्वस्त पडते.

सवलती जपून द्याव्यात. दर सणाला निम्मी किंमत दिसू लागली की ग्राहक पुढच्या सणाची वाट पाहतो आणि काल पूर्ण पैसे भरलेला माणूस फसवला गेल्यासारखा चिडतो. वर्षातून एकदा, आधी जाहीर करून, वीसेक टक्के सूट द्यावी आणि तिच्याआधीच्या तीस दिवसांत खरेदी केलेल्यांना फरकाची रक्कम त्यांनी मागण्याआधीच परत करावी. किंमत वाढवताना उलट क्रम ठेवावा: तारीख महिनाभर आधी सांगावी, जुन्या ग्राहकांचा नूतनीकरणाचा दर तसाच ठेवावा, आणि वाढीनंतर निदान एक तिमाही थांबून चौकशा, ट्रायल आणि विक्री यांचे आकडे वेगवेगळे पाहावेत. ट्रायल तेवढेच राहून विक्री घटली, तर आकडा चुकला असण्याची शक्यता आहे. ट्रायलच घटले, तर किमतीला हात न लावता आधी त्या दीड मिनिटाच्या चित्रफितीकडे पाहावे.