जुन्या डॉस पीसीत पिकोवालं साउंड कार्ड कसं चालू करायचं

पिकोजीयूएस, म्हणजे रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर चालणारं साउंड कार्ड, किंवा त्याच जातीचं, जुन्या पीसीच्या आयएसए स्लॉटात बसणारं एखादं कार्ड हातात आलं की लगेच केस उघडून मोकळ्या स्लॉटात खोचावं आणि गेम लावावा असं वाटतं, पण जरा थांबा. ही कार्डं क्वचितच बिघडलेली निघतात, ज्या मशीनमध्ये ती जातात तिथेच तीस-पस्तीस वर्षांचा गुंता असतो. म्हणून मी सगळ्यांना एकच क्रम सांगतो, आधी मशीन, मग फर्मवेअर (कार्डातला प्रोग्राम), मग जंपर (कार्डावरच्या पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) आणि सगळ्यात शेवटी गेम. हा क्रम पाळला तर कुठे काही अडलंच तरी नेमकं कुठे अडलंय ते पटकन कळतं.

आधी हे कार्ड करतं काय ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड १९९२ला आलं, त्यात ३२ आवाज कार्डावरच मिसळायची सोय होती आणि सॅम्पल ठेवायला कार्डाची स्वतःची रॅम, १ एमबीपर्यंत वाढवता येणारी. आज ते कार्ड सहज मिळत नाही, म्हणून त्याची नक्कल पिकोकडून करून घ्यायची. रास्पबेरी पाय पिकोवरची आरपी२०४० चिप २०२१ची, दोन कोर, २६४ केबी रॅम आणि मुख्य म्हणजे पीआयओ, म्हणजे पिनांवर नजर ठेवणारी छोटी छोटी स्वतंत्र यंत्रं, एकूण आठ. १९८१च्या आयबीएम पीसीपासून आलेली आयएसए बस (कार्डं आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या लाइनी) आणि २०२१ची ही चिप यांचा मेळ या पीआयओमुळेच बसतो. आठ मेगाहर्ट्झच्या बसवर ८-बिट पोर्ट वाचायला साधारण सहा क्लॉक म्हणजे ७५० नॅनोसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात आरपी२०४०चे तिच्या मूळ १३३ मेगाहर्ट्झलाच शंभरेक क्लॉक होतात. त्यातूनही वेळ कमी पडला तर कार्ड आयओ-चॅनल-रेडी ही लाइन खाली ओढून प्रोसेसरला थांबवून धरतं. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, कारण मूळ डिझायनरांनी हळू कार्डांसाठी ठेवलेली सोय आज एवढ्या वेगवान चिपच्याही उपयोगी पडते.

पण आरपी२०४०च्या पिना ३.३ व्होल्टच्या आणि आयएसए बस ५ व्होल्टची. म्हणजे नुसती पिको घेऊन वायरींनी बसला जोडायचा विचार असेल तर तो सोडा, मधे लेव्हल बदलणारे बफर पाहिजेतच. तयार कार्डावर ते असतात. स्वतः पीसीबी बनवून घेणार असाल तर कडेच्या संपर्कांना सोन्याचा मुलामा सांगा, कडा तिरकी घासून मागवा आणि जाडी १.६ एमएमच ठेवा, नाहीतर स्लॉटातले स्प्रिंग हळूहळू ढिले होतात आणि तो स्लॉट परत मिळत नाही.

आता मशीन. केस उघडली की सगळ्यात आधी मदरबोर्डवर ३.६ व्होल्टची पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी दिसते का बघा, २८६-३८६-४८६च्या बऱ्याच बोर्डांवर ती असते आणि गळून आजूबाजूचे ट्रॅक खाते, हिरवट-निळसर बुरशीसारखं काही दिसलं तर साउंड कार्ड बाजूला ठेवा आणि आधी ती बॅटरी काढा. मग मशीन बंद असताना मल्टिमीटरने +५, +१२ आणि -१२ या लाइनी ग्राउंडला शॉर्ट नाहीत ना ते तपासा, कारण जुने टँटलम कपॅसिटर शॉर्ट होणं हे या मशीनांचं नेहमीचं दुखणं, विशेषतः १२ व्होल्टच्या लाइनीवर. पॉवर सप्लाय काढून परत लावत असाल तर एटी (२८६ आणि पुढच्या) बोर्डावरच्या पी८ आणि पी९ या दोन कनेक्टरांच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत, उलटं लावलं तर बोर्ड जातो. चालू केल्यावर ५ व्होल्टची लाइन ४.७५ ते ५.२५मध्ये आहे का बघा, आणि हे मोजताना हार्ड डिस्क वगैरे जोडलेली असू द्या, रिकाम्या सप्लायचं मोजमाप फसवं असतं.

स्लॉट साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं. कडक खोडरबर कार्डाच्या सोन्यावर जोरात घासू नका, मुलामा पातळ असतो.

हे सगळं झालं की कार्ड न लावता एकदा मशीन पूर्ण बूट करा आणि बघा की तुमच्या मशीनमध्ये कोण कुठे बसलंय. हा भाग लोक वगळतात आणि मग दिवसच्या दिवस डोकं धरून बसतात, म्हणून इथे मी जरा सविस्तर सांगतो. अशी कार्डं बहुतेक ८-बिट असतात, म्हणजे त्यांना १६-बिट स्लॉटाच्या पुढच्या छोट्या भागातल्या लाइनी मिळतच नाहीत, त्यामुळे आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती लाइन) १०, ११, १२ विसरा. राहिले २ ते ७. त्यातला ३ कॉम२ला, ४ कॉम१ला, ६ फ्लॉपीला, ७ एलपीटी१ला. ५ हा साधारण मोकळा, पण फक्त एटी आणि त्यापुढच्या मशीनमध्ये. एक्सटीत, म्हणजे त्याआधीच्या ८०८८ मशीनमध्ये, जुनी एमएफएम हार्ड डिस्क असेल तर तिचा कंट्रोलर आयआरक्यू ५ आणि डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवायची वाट) ३ घेऊन बसलेला असतो, आणि त्याच ५ वर साउंड कार्ड लावलं तर डिस्कच अडकायला लागते. अशा वेळी ७ घ्या, कारण डॉसमधून प्रिंट करताना साधारणपणे प्रिंटरचा आयआरक्यू वापरलाच जात नाही. त्याऐवजी नव्या डिस्क जोडणारं एक्सटी-आयडीई कार्ड असेल तर काळजी नाही, त्याच्या नेहमीच्या बायोसला आयआरक्यू लागत नाही. डीएमएचं सोपं आहे, २ फ्लॉपीचा, ० एक्सटीत मेमरी रिफ्रेशचा, म्हणून १ घ्यायचा आणि तो आधीच कुणाकडे असेल तरच ३.

पोर्टांसाठी, म्हणजे कार्डांच्या पत्त्यांसाठी, माझी आवडती युक्ती म्हणजे डॉसबरोबरच येणारा डीबग. तो उघडून आय २४० टाइप करून एंटर मारा, मग आय २२०, आय ३८८, आय ३३०. जिथे कुणीच नसतं तिथून सहसा एफएफ परत येतं. अल्ट्रासाउंडचा नेहमीचा पत्ता २४०, साउंड ब्लास्टरचा २२०, अ‍ॅडलिबचा ३८८, एमपीयू-४०१ या मिडी जोडणीचा ३३०. यातल्या एखाद्या ठिकाणी एफएफ सोडून दुसरं काही आलं तर तिथे आधीच कुणीतरी बसलंय, नेटवर्क कार्ड असेल, मदरबोर्डवरचा साउंड असेल, त्याला आधी हलवा किंवा बंद करा. एमएसडी हा प्रोग्रामही यादी दाखवतो पण आयआरक्यूच्या बाबतीत तो बराच अंदाजाने बोलतो, त्यामुळे फक्त त्याच्यावर विसंबू नका.

पेंटियमच्या काळातलं मशीन असेल तर अजून एक काम. बायोस सेटअपमध्ये पीसीआय-पीएनपीचं पान असतं, तिथे आयआरक्यू ५ आणि डीएमए १ हे लेगसी आयएसएला राखून ठेवा. नाहीतर बायोस तो आयआरक्यू खुशाल एखाद्या पीसीआय कार्डाला देऊन टाकतो, कारण आपलं कार्ड प्लग अँड प्ले नाही आणि बायोसला त्याचा पत्ताच नसतो. आणि ३८६-४८६ असेल तर बसचा वेग बघा. सेटअपमध्ये एटी क्लॉक किंवा बस क्लॉक अशा नावाने भागाकार दिलेला असतो, ३३ मेगाहर्ट्झला ४ने भागलं की ८.३३ येतात, झकास, पण ४० मेगाहर्ट्झच्या बोर्डावर तोच ४ राहिला तर बस १० वर पळते. बरीच जुनी कार्डं ते सहन करतात, पण नवं कार्ड लावताना ५ करून ८ वर आणा आणि सगळं नीट चाललं की मग हवं तर वाढवून बघा. आयओ रिकव्हरी टाइम असा पर्याय दिसला तर सुरुवातीला तोही जास्तच ठेवा.

आता फर्मवेअर. हे कार्ड स्लॉटाबाहेर असतानाच करा, यूएसबीतून आलेले ५ व्होल्ट आणि जुन्या मशीनचे ५ व्होल्ट एकमेकांना भिडायला नकोत. पिकोवरचं बूटसेल बटण दाबून धरा, तसंच धरून यूएसबी केबल आजच्या कॉम्प्युटरला लावा, पेन ड्राइव्हसारखा एक ड्राइव्ह दिसेल, त्यात यूएफ२ फाइल टाका, कॉपी झाली की ड्राइव्ह आपोआप गायब होतो आणि तेच व्हायला हवं, घाबरू नका. पिको आणि पिको २ची फाइल एक नसते, पिको २वर आरपी२३५० ही वेगळी चिप आहे, म्हणून फाइल कुठल्या चिपची आहे ते बघूनच घ्या. बऱ्याच कार्डांना डॉसमधूनही फर्मवेअर बदलता येतं, पण यूएफ२ फाइलमध्ये ५१२ बाइटच्या प्रत्येक ब्लॉकात खरा माल २५६ बाइटच असतो, म्हणजे फाइल मूळ प्रोग्रामच्या दुप्पट होते, आणि ३६० केबीची फ्लॉपी असलेल्या एक्सटीवर तेवढी फाइल नेणं अवघड जातं. पहिली वेळ यूएसबीनेच करा.

फर्मवेअरबरोबर डॉससाठी एक छोटा प्रोग्राम येतो जो कार्डाला सांगतो की आता तू अल्ट्रासाउंड हो, आता साउंड ब्लास्टर हो, आता टँडी (त्या काळच्या टँडी पीसीचा आवाज) हो. पिकोजीयूएसमध्ये त्याचं नाव पीजीयूएसइनिट. हा आणि कार्डातलं फर्मवेअर एकाच आवृत्तीचे असावेत, आवृत्त्या जुळल्या नाहीत तर तो सरळ नाही म्हणतो आणि लोकांना वाटतं कार्ड मेलं.

जंपर लावायला विसरू नका. मोड आणि पोर्ट सॉफ्टवेअरने बदलतात पण आयआरक्यू आणि डीएमए कार्डावरच्या जंपरनेच ठरतात, कारण ती बसची प्रत्यक्ष वायर आहे. जंपरवर जे ठेवलं तेच पुढे डॉसच्या सेट ओळीत (गेमना कार्डाचे आकडे सांगणाऱ्या ओळीत) लिहायचं, हे दोन वेगळे पडले की काय होतं ते खाली सांगतो.

मशीन बंद, प्लग काढलेला, मग कार्ड बसवा. ब्रॅकेटची बाजू केसच्या मागच्या भिंतीकडे. ब्रॅकेट नसेल तर दहा वेळा बघा, कारण ब्रॅकेट नसलेलं ८-बिट कार्ड उलटंही स्लॉटात जातं आणि मग पॉवरच्या लाइनी नको तिथे जोडल्या जातात. कार्ड पूर्ण आणि सरळ आत गेलंय का ते बाजूने वाकून बघा. आवाज बहुतेक लाइन-आउट असतो, म्हणून स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेले स्पीकर लावा, जुन्या साउंड ब्लास्टरवर चालणारे बिनपॉवरचे स्पीकर इथे अगदी पुसट वाजतील.

पहिला बूट एकदम मोकळा करा. एमएस-डॉस ६ असेल तर सुरुवातीचा संदेश दिसताच एफ५ दाबा, म्हणजे ईएमएम३८६ हा मेमरी मॅनेजर वगैरे काहीच लोड होत नाही. मग तो इनिट प्रोग्राम काहीही न जोडता नुसता चालवा. कार्ड सापडलं, आवृत्ती दाखवली की अर्धी लढाई जिंकली. नाहीच सापडलं तर स्लॉट बदला, परत साफ करा, बसचा वेग कमी करा, बाकीची सगळी कार्डं काढून फक्त व्हिडिओ आणि डिस्कचं ठेवा. याच क्रमाने करा, एका वेळी एकच गोष्ट बदलून.

सापडलं की सेट ओळी. साउंड ब्लास्टर मोडसाठी सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ टी३ असं, सगळं अर्थातच कीबोर्डवर इंग्रजी अक्षरांत. ए म्हणजे पत्ता, आय म्हणजे आयआरक्यू, डी म्हणजे डीएमए आणि टी३ म्हणजे साउंड ब्लास्टर २.०. अल्ट्रासाउंडसाठी सेट अल्ट्रास्नड=२४०,१,१,५,५ आणि तिथे क्रम असा, पत्ता, वाजवायचा डीएमए, रेकॉर्डिंगचा डीएमए, मुख्य आयआरक्यू, मिडीचा आयआरक्यू. नावातल्या साउंडचे स्वर गाळलेत, यूएलटीआरएएसएनडी, ते तसंच लिहा. ऑटोएक्झेकमध्ये (बूट होताना आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये) या ओळी आधी आणि इनिट प्रोग्राम नंतर. विंडोज ९५ वापरणार असाल तरी हे ऑटोएक्झेकमध्येच ठेवा, विंडोज सुरू होण्याआधी कार्ड योग्य मोडमध्ये गेलेलं असलं पाहिजे, आणि तिथे ड्रायव्हर हाताने निवडून आकडे हाताने भरावे लागतात.

मोड निवडताना मशीनचं वय बघा. ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८वर अल्ट्रासाउंड लावून फारसं काही हाती लागत नाही, कारण त्यासाठी लिहिलेले गेम आणि डेमो मुख्यतः ३८६ आणि पुढचे, एक्सटीवर अ‍ॅडलिब आणि टँडीच खरे शोभतात. ३८६-४८६वर मात्र अल्ट्रासाउंड ऐकाच, ट्रॅकर म्युझिकमध्ये, म्हणजे छोट्या सॅम्पलांतून जुळवलेल्या संगीतात, प्रोसेसरवर भार न पडता इतके चॅनल एकत्र वाजतात की ऐकत राहावंसं वाटतं.

आता बिघाड ओळखायचं. संगीत वाजतं पण गोळीबार, बोलणं काही ऐकू येत नाही, तर एफएम (चिपने बनवलेल्या संगीताचा) भाग ठीक आहे आणि आयआरक्यू किंवा डीएमए चुकलाय. आवाजाचा एकच तुकडा अडकल्यासारखा परत परत वाजतो, तर आयआरक्यू पोचत नाहीये, म्हणजे जंपर आणि सेट ओळ जुळत नाहीत किंवा तो आयआरक्यू दुसऱ्या कुणी धरलाय. गेमचा सेटअप प्रोग्राम आवाज तपासतानाच मशीन गोठतं, तर डीएमएकडे बघा. मोकळ्या बूटमध्ये चालतं आणि नेहमीच्या बूटमध्ये नाही, तर मेमरी मॅनेजरकडे, एफ८ दाबून एकेक ओळ हो-नाही करत बूट करा, चोर सापडतो. आवाज येतो पण अल्ट्रासाउंड मोडमध्ये कडकड होते, तर इनिट प्रोग्राममध्ये ऑडिओ बफर आणि डीएमएचा वेळ बदलायचे पर्याय असतात, ते थोडे थोडे वाढवून बघा, एकदम टोकाला नेलं तर आवाज चित्राच्या मागे पडतो.

सगळं जमलं की सेटिंग कार्डातच सेव्ह करता येतं का ते तुमच्या आवृत्तीत बघा, येत असेल तर करून टाका, म्हणजे बुटेबल फ्लॉपीवरचे गेमसुद्धा, ज्यांना ऑटोएक्झेक भेटतच नाही, चालतात. आणि चालत असलेल्या फर्मवेअरची यूएफ२ फाइल आणि तिच्या जोडीचा डॉस प्रोग्राम दोन्ही एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवा, नवी आवृत्ती टाकल्यावर एखादा लाडका गेम अडखळला तर लगेच मागे जाता येतं.