बाळंतपणाची बॅग: भरताना विचार करा उघडणाऱ्याचा

बाळंतपणाची बॅग भरते आई, पण दवाखान्यात ती उघडतं दुसरंच कुणीतरी, तेही घाईत. म्हणून सगळं एकत्र कोंबू नका. तीन पिशव्या करा (कळांच्या वेळची, बाळंतपणानंतरची आणि बाळाची) आणि प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवा. ३६व्या आठवड्यापर्यंत बॅग तयार हवी. जुळी असतील किंवा रक्तदाब वाढत असेल तर ३२व्यापासूनच भरायला घ्या. सोबत येणाऱ्याला एकदा स्वतःच्या हाताने ती रिकामी करून परत भरू द्या.

कागदपत्रं बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा: तपासणीची फाइल, शेवटची सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, ओळखपत्र, विम्याचे कागद, चालू औषधांची आणि ॲलर्जीची यादी. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर फाइलवर मोठ्या अक्षरात लिहा. बाळाचा पॉझिटिव्ह निघाला तर आईला ७२ तासांच्या आत इंजेक्शन द्यावं लागतं.

कळांच्या पिशवीत फार काही लागत नाही. सैल गाऊन, न घसरणारी चप्पल, केसांचे रबर, पाण्याची बाटली आणि ओठांना लावायचं मलम. तोंडाने श्वास घेऊन ओठ फुटतात. दागिने घरीच ठेवा, सुजलेल्या बोटातली अंगठी ऐनवेळी निघत नाही. नेलपॉलिशही आधीच पुसा, नाहीतर बोटाला लावलेलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकतं.

खरी चूक होते ती दुसऱ्या पिशवीत. पाळीचे नेहमीचे पॅड पहिल्या दोन दिवसांच्या रक्तस्रावाला पुरत नाहीत. बाळंतिणीसाठीचे लांब, जाड पॅड मिळतात, त्यांची दोन पाकिटं घ्या. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप मुळीच नको, जंतुसंसर्गाची भीती असते. गडद रंगाच्या, उंच कमरेच्या सुती पँटी पाच-सहा घ्या. सिझेरियनचा छेद ओटीपोटावर खाली असतो आणि नेहमीच्या पँटीचं इलॅस्टिक नेमकं तिथेच घासतं. पुढून उघडणारे तीन गाऊन आणि दोन फीडिंग ब्रा हव्यात. ब्रा थोडी सैलच घ्या, कारण दूध भरतं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी आणि तेव्हा घट्ट ब्रा असह्य होते. सिझेरियन झालं तर मुक्काम वाढतो, म्हणून आणखी दोन दिवसांचे कपडे वेगळे बांधून घरी ठेवा. कुणीही आणून देईल.

बाळासाठी नवजात मापाचे २० ते २५ डायपर, सहा झबली, दोन टोप्या, मोजे, चार मऊ दुपटी आणि दोन लहान टॉवेल. कपडे नवे असोत की कुणाचे वापरलेले, सौम्य साबणाने धुऊन, उन्हात वाळवूनच भरा. डायपर नाळेच्या खाली दुमडायचा, नाळ कोरडी राहिली पाहिजे. पहिली शी काळी आणि डांबरासारखी चिकट असते, त्यामुळे कापूस किंवा मऊ सुती फडकी भरपूर घ्या. पावडर नको, ती श्वासात जाते. दुपटं आणि टोपी सगळ्यात वर ठेवा. बाळ जन्मतः ओलं असतं, लगेच गार पडतं.

चार्जर, चष्मा, रोजची औषधं आधी भरता येत नाहीत. त्यांची यादी दाराच्या आतल्या बाजूला लावा. पण पाणी गेलं आणि ते हिरवट किंवा रक्ताळलेलं दिसलं, तर यादी वाचत बसू नका. पॅड लावा, फाइल उचला आणि निघा. बॅग मागून येईल.