तैलचित्र पुसण्याआधीची तयारी

सामान आणण्याआधी चित्र उतरवा आणि ते खरंच तैलचित्र आहे का ते बघा. पुण्यातल्या जुन्या घरांत 'आजोबांचं तैलचित्र' म्हणून जपलेलं चित्र पुष्कळदा रविवर्मा छापखान्याचा ओलिओग्राफ (तैलचित्रासारखं दिसणारं छापील चित्र) निघतो. मुंबईत 1894 मध्ये सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. भिंगातून छपाईचे बारीक ठिपके दिसले तर चित्र कागदावरचं आहे, त्याला पाणी लावायचंच नाही.

कॅनव्हास असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च अगदी बाजूने तिरपा धरा. उचललेले पोपडे, फुगे, केसाएवढ्या भेगा सावलीमुळे उठून दिसतात. एकही पोपडा सुटा असेल तर काम तिथेच थांबवा. भेगेतून उतरलेलं पाणी रंगाखालच्या सरसाच्या थराला फुगवतं, कॅनव्हास आक्रसतो आणि रंग पापुद्र्याने सुटतो. पावसाळ्यात किंवा दसऱ्याच्या साफसफाईच्या घाईत हे काम काढू नका. दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

सामान थोडकंच आहे: दीड-दोन इंची मऊ केसांचा कोरा ब्रश (आप्पा बळवंत चौकात मिळेल), औषधाच्या दुकानातला शोषक कापूस, बांबूच्या काड्या, अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर, मास्क, टेबलावर अंथरायला जाड चादर. आधी पुढून-मागून फोटो काढा. फ्रेममधून काढताना गंजके खिळे पकडीने सरळ ओढा, ठोकू नका. मागची खालची पट्टी आणि कॅनव्हास यांच्यात साचलेला कचरा पुठ्ठ्याच्या पट्टीने अलगद काढा, पुढून फुगवटा येतो तो त्यामुळेच.

कोरडी धूळ ब्रशने वरून खाली झटका. पुष्कळ चित्रांचं एवढ्यावरच भागतं. समई-उदबत्तीचा चिकट थर उरलाच, तर काडीवर वाटाण्याएवढा कापूस गुंडाळून तो थुंकीने जेमतेम ओलवा. किळस वाटेल, पण संग्रहालयांतही हे करतात. थुंकीतली एन्झाइम्स मळ सोडवतात. चहा-जेवणानंतर तोंड धुऊन मगच, आणि वापरलेला बोळा पुन्हा तोंडाजवळ न्यायचा नाही, कारण जुन्या रंगांत शिसं असतं. आधी फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या कडेवर करून बघा. बोळा घासायचा नाही, फिरवायचा. एका वेळी दोन-तीन सेंटीमीटर जागा, मग डिस्टिल्ड वॉटरचा बोळा, मग कोरडा. बोळा करडा झाला तर मळ आहे, लाल किंवा तपकिरी झाला तर रंग सुटतोय: लगेच थांबा. सहीला हात लावू नका.

कांदा, बटाटा, पाव, लिंबू, भांड्यांचा साबण, खोबरेल यांतलं काहीही नको. पावाचे कण भेगांत बसून किडीला बोलावतात, तेल धूळ धरतं. एवढं करूनही चित्र पिवळंच राहिलं, तर ते जुनं वार्निश आहे. टर्पेंटाइन किंवा अ‍ॅसिटोनने ते उतरवायला गेलात तर त्याखालचे पातळ रंगही जातील. ते काम कलासंवर्धकाचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, चौकशी तिथून सुरू करा.

परत टांगताना ओल येणारी बाहेरची भिंत टाळा आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल.