आवाज बसलेल्या दिवशी बालवर्ग कसा घ्यायचा

थायलंडमधल्या कोरात शहरात मी अनुबानच्या, म्हणजे साधारण तीन ते सहा वर्षांच्या, मुलांना इंग्रजी शिकवते. मेच्या मध्यावर शाळा सुरू होते आणि पाठोपाठ पावसाळा. वर्गात एकाला सर्दी झाली की बघता बघता सगळ्यांची नाकं वाहायला लागतात, मग आपलं. इकडे नव्याने येणाऱ्या मराठी मुली विचारतात, "ताई, बरं नसेल त्या दिवशी काय करायचं?" त्यांच्यासाठी हे.

आधी जायचं की नाही ते ठरवा, तेही उठल्या उठल्या. थर्मामीटर उशाशी ठेवा. ताप ३८ सेल्सिअसच्या वर असेल, जुलाब-उलट्या होत असतील किंवा तळहातांवर, तोंडात फोड दिसत असतील तर शाळेत जाऊ नका. पावसाळ्यात हँड, फूट अँड माऊथ हा आजार बालवर्गांत झपाट्याने पसरतो. म्हणून तर सकाळी फाटकापाशी मुलांचे तळहात उलटे करून, 'आ' करायला लावून तपासतात. ज्या कारणासाठी आपण मुलाला घरी पाठवतो, त्याच कारणासाठी आपणही घरी राहायला हवं. मुख्याध्यापिकेला 'लाइन' या मेसेजिंग ॲपवर लवकर कळवा, 'ला पुआय' म्हणजे आजारपणाची रजा. आठच्या राष्ट्रगीताला मुलं रांगेत उभी राहण्याआधी बदली शिक्षक मिळाला पाहिजे.

ताप एकाएकी चढला, डोळ्यांच्या मागे ठणकतंय, अंग मोडून आलंय, तर डेंग्यूची शंका घ्या. अशा वेळी पॅरासिटामॉलच घ्यायचं. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन अजिबात नको, त्यांनी डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्या. आणि इकडे येण्यासाठी घरून निघताना आई बॅगेत खोकल्याचं औषध कोंबेल, तेव्हा त्यात कोडीन नाही ना, ते वाचा. इथे कोडीन अमली पदार्थांत मोडतं.

आता खरा प्रश्न. ताप नाही, पण घसा धरलाय, डोकं जड आहे आणि वर्ग घ्यायचाच आहे. मास्क लावा, इथे त्याचं कुणाला नवल वाटत नाही. थाई सहशिक्षिकेला आधीच सांगा, 'जेप खो', घसा दुखतोय. शिस्त तिच्याकडे सोपवा. पोरांना गप्प करायला ओरडणं हाच घशाचा सगळ्यात मोठा शत्रू. त्याऐवजी टाळ्यांचा ठेका ठरवून ठेवा, दोन सावकाश, तीन भरभर. मुलं तोच ठेका परत देतात आणि तेवढ्यात वर्ग शांत होतो. हा ठेका बरं असतानाच शिकवून ठेवायचा असतो. कुजबुजत मात्र शिकवू नका. आराम मिळतोय असं वाटतं, पण बहुतेकांच्या स्वरयंत्रावर त्याने ताणच पडतो. कमी बोला, हळू बोला, पण नेहमीच्या आवाजात.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' ही पद्धत तुम्ही प्रशिक्षणात शिकला असाल. शिक्षक आज्ञा देतो, मुलं ती करून दाखवतात. आजारी दिवशी ती उलटी फिरवा. मी हात पंखांसारखे हलवते, मुलं ओरडतात 'बर्ड!' मी डोळे मिटून गाल तळव्यावर टेकवते, 'स्लीप!'

मग चित्रकार्डं. सहा कार्डं चटईवर मांडायची, वरून ओढणी टाकायची, खालून एक कार्ड काढून घ्यायचं आणि ओढणी उचलायची. कुठलं गेलं? माझ्या वर्गात एक मुलगी आहे, एरवी सहशिक्षिकेच्या मांडीआड बसणारी. एकदा मी ओढणी तिच्या हातात दिली. तिने कार्ड काढून फ्रॉकमागे लपवलं, ओठ घट्ट मिटून सगळ्यांकडे पाहिलं आणि ठणठणीत आवाजात विचारलं, 'व्हॉट्स मिसिंग?' हे वाक्य तिने माझ्याकडून कितीदा तरी ऐकलेलं होतं. म्हणायची वेळ मात्र तिच्यावर तोवर आलीच नव्हती. आता माझा घसा ठीक असला तरी ओढणी मुलांकडेच असते. आपण बोलायचे थांबतो तेव्हा मुलांचं बोलणं नीट कानावर पडतं. 'हाउस'मधला शेवटचा 'स' कोण गिळतंय ते मला अशाच तासांना कळतं. थाईत शब्दाच्या शेवटी 'स' उच्चारत नाहीत, त्यामुळे तो मुद्दाम घोटून घ्यावा लागतो.

नवा धडा त्या दिवशी काढू नका. रंगकाम चालेल, पण शेवटच्या दहा मिनिटांसाठीच. तासभर रंगखडू दिले तर भांडणं सुरू होतात आणि ती सोडवायला आवाज लागतो.

जेवणात जोक मिळालं तर तेच घ्या. ती मऊ भाताची पेजच असते, वर आल्याचे बारीक काप. मुलं दुपारी झोपतात तेव्हा वह्या तपासत बसू नका, तुम्हीही आडव्या व्हा आणि उठल्यावर पुन्हा ताप बघा. वाढला असेल तर उरलेला दिवस सहशिक्षिकेवर सोडून दवाखाना गाठा. पासपोर्ट जवळ असू द्या आणि निघताना 'बाय रप रॉन्ग फॅत', म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र, मागून घ्या. रजेच्या अर्जाला शाळा तेच मागते आणि नंतर त्यासाठी पुन्हा खेप घालावी लागते.